उघडं दार कुणाला खुपतं?

डिसेंबर लागला की दोन माणसं एकाच वेळी घाबरतात. एक नाताळाच्या शुभेच्छा देणारा: कुणाच्या भावना तर दुखावणार नाहीत? दुसरा त्या घेणारा: आपण उलट शुभेच्छा दिल्या तर आपले लोक काय म्हणतील?

मग दोघंही ‘हंगामाच्या शुभेच्छा’ देऊन सुटका करून घेतात. हंगाम कसला? ऊसतोडणीचा?

ही धास्ती आपल्यापुरती नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात युरोपीय आयोगाची एक अंतर्गत मार्गदर्शिका बाहेर आली. सगळेच ख्रिस्ती असतात असं धरून चालू नका, नाताळाच्या दिवसांना नुसते सुट्टीचे दिवस म्हणा, असा तिच्यात कर्मचाऱ्यांना सल्ला होता. बोंब झाली आणि समता खात्याच्या आयुक्त हेलेना डाली यांनी तो कागद मागे घेतला. शेजाऱ्याला बरं वाटावं म्हणून आपल्या सणाचं नाव गिळायचं, यात शेजाऱ्याचा काय फायदा? त्याला ना सण मिळाला, ना आमंत्रण.

बर्मिंगहॅमची गोष्ट त्याहून मासलेवाईक. १९९७ आणि १९९८ मध्ये तिथल्या नगरपालिकेनं हिवाळ्यातल्या सगळ्या कार्यक्रमांना मिळून ‘विंटरव्हल’ असं नाव दिलं. नाताळावर बंदी आली, असं वर्तमानपत्रं पुढे कित्येक वर्षं छापत राहिली. प्रत्यक्षात नाताळाची गाणी होती, झाड होतं, शुभेच्छाही होत्या. बंदी घालणारा कुणी नव्हताच.

दुखावलेले मात्र पुष्कळ होते.

आपल्याकडे वारा उलटा वाहतो, वेग तोच. मध्य प्रदेशातल्या शाजापूर जिल्ह्यात डिसेंबर २०२३ मध्ये शिक्षणाधिकाऱ्यांनी शाळांना कळवलं की मुलांना सांताक्लॉज बनवायचं असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या. धर्म वाचवायला सरकारी कागद निघाला तो लाल टोपी आणि कापसाची दाढी यांच्याविरुद्ध. सांताक्लॉज बायबलात औषधालाही सापडत नाही, हे त्या कार्यालयात कुणीच सांगितलं नाही?

कायद्याचंही बघा. ‘रंगीला रसूल’ या पुस्तिकेच्या प्रकरणानंतर १९२७ मध्ये भारतीय दंडविधानात २९५-अ हे कलम आलं. आता भारतीय न्याय संहितेत ते २९९ क्रमांकावर आहे. त्यातले शब्द स्वच्छ आहेत: अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेला असला पाहिजे. कायद्याला हेतू लागतो. तक्रारदाराला मोबाइलवरची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पुरते.

आता मुद्द्याचं बोलू. ख्रिस्ती श्रद्धेवर राग कशामुळे येतो? ती मोठ्यानं सांगितली म्हणून? थोडाफार. पण इतिहास उघडून बसलं की दिसतं ते निराळंच. लोक सर्वांत जास्त भडकतात ते कुणाला तरी आत घेतलं म्हणून. येशूवरच्या सुरुवातीच्या आरोपांतला एक कोणता? हा जकातदारांच्या आणि पापी माणसांच्या पंगतीला बसतो. आरोप करणारे नास्तिक नव्हते. गावातले धर्म पाळणारे, अब्रूदार लोक होते.

याचा मराठी पुरावा हवा? पुण्यातच आहे.

१८८९ च्या मार्चमध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढलं. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा. शाळेत धर्म शिकवायचा नाही, जिनं तिनं आपला धर्म पाळावा, ही भूमिका पहिल्यापासून जाहीर होती. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेऊन आलेल्या. तरी ब्राह्मण विधवांचं सोवळंओवळं सांभाळूनच सदनात स्वयंपाक होई. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला आलं. सल्लागार कोण? न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर. याहून भक्कम नावं त्या काळी मिळाली नसती.

रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्याबरोबर बायबल वाचत, प्रार्थना करत. दार लावून घेत नसत. सदनातल्या काही मुली येऊन बसू लागल्या.

एवढंच घडलं.

पुणं पेटलं. ‘केसरी’नं झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळानं राजीनामे दिले, रानडे-भांडारकरांसकट. पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू साधी होती: मी कुणाला बोलावणार नाही, कुणाला हाकलणारही नाही, आणि माझ्याच घरात चोरून प्रार्थना करणार नाही. यात बेइमानी कुठे आहे? देवघरात आई पूजेला बसली की शेजारची पोर उंबऱ्यावर येऊन बसतेच. तिला उठवून लावणारी आई कुणी पाहिली आहे?

आणि या मुली कोण होत्या? केस उतरवलेल्या, एकभुक्त ठेवलेल्या, लग्नकार्यात समोर आल्या तर अपशकुन ठरणाऱ्या. माजघर, देवघर, शाळा, पुन्हा संसार, सगळीकडून त्यांना कडी घातलेली. ती कडी घालणाऱ्यांना त्या वर्षी संताप आला तो एका न लावलेल्या दाराचा.

पालकांची धास्ती अगदीच पोकळ होती का? नव्हती. त्या मुलींपैकी काहींनी पुढे बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, आणि तिथे मोठ्या संख्येनं मुली ख्रिस्ती झाल्या. मरणाच्या दारातून उचलून आणलेल्या पोरीची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न रमाबाईंवर प्रेम करणाऱ्यांनीही विचारलाच पाहिजे. दुष्काळात धान्य वाटणाऱ्या मिशनऱ्यांच्या अनुयायांवर ‘पोटासाठी बाटलेले’ असा शिक्का बसला, तोही सगळाच हवेतून आलेला नाही. ताटाला अट चिकटली की पाहुणचार संपला, सौदा सुरू झाला.

पण त्या पोरींना दुष्काळात उचलायला दुसरं कोण गेलं होतं, हेही त्याच दमात विचारा.

चर्चनं तरी रमाबाईंना मोकळेपणानं घेतलं का? आधी इंग्लंडात, चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवावं अशी सूचना पुढे आली. मुंबई आणि लाहोरचे बिशप आडवे आले. बाईनं पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानातले लोक नाराज होतील म्हणे. म्हणजे भावना दुखावण्याची भीती घालायला धर्माधिकारीच पुढे, आणि भावना कुणाच्या, तर हजारो मैलांवरच्या लोकांच्या. वाँटेजच्या मठात क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी विचारलं, संस्कृत का नको? पिता-पुत्र-पवित्र आत्मा या सिद्धांतावर तर त्या भगिनींशी हिरीरीनं वाद घालत राहिल्या.

पुण्याला त्या फार ख्रिस्ती वाटल्या आणि वाँटेजला फार हिंदू.

टिळकांचं घर आठवा. नारायण वामन टिळक, ‘ख्रिस्तायन’वाले. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचं आभाळ फाटलं. नवरा बाटला. पुढे त्या परत त्याच्या संसारात आल्या, पण स्वतःची चूल वेगळी ठेवून, सोवळं सांभाळून. टिळकांनी ती चूल मोडली नाही. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःच्या डोक्यानं विचार करून. एका घरात दोन धर्म, दोन चुली, आणि त्या धगीतून पुढे ‘स्मृतिचित्रे’. आज एखाद्या जोडप्यानं असा संसार मांडला तर सोसायटीच्या ग्रुपवर किती दिवस टिकेल?

याच टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेलेही चालत आणि न घेतलेलेही, ख्रिस्ताला मानणं पुरे. कीर्तन होतं, अभंग होते. मिशनमधल्या साहेबांना हे पचायला जड गेलं. दारावरचा पहारेकरी नेहमी घरातलाच असतो.

आता उलट बाजू बघा, कारण सर्वांचं स्वागत म्हणजे सगळ्याचं मिश्रण, असा एक गोड गैरसमज हल्ली जोरात आहे.

बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चला जा. नोव्हेनाची गर्दी सकाळपासून. कुंकू लावलेल्या बायका, बुरख्यातल्या बायका, ऑफिसची बॅग पाठीला लावलेली पोरं. हातात मेणाचं घर घेतलेली एखादी मावशी रांगेत उभी असते. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जायचं असतं, म्हणून मेणाचं घर. पाय दुखतो त्याच्या हातात मेणाचा पाय, मूल हवं तिच्या हातात मेणाचं बाळ. वांद्र्याला मोतमावलीच्या जत्रेत सप्टेंबरात हेच चित्र. कोळी तिला मोतमावली म्हणतात आणि मावलीची कधी तक्रार आलेली नाही. कुणीही कुणाला आधार कार्ड मागत नाही, आडनाव विचारत नाही.

आणि मिस्सा सुरू झाली की? कम्युनियनच्या वेळी फादर स्पष्ट सांगतात की ते कॅथलिकांसाठी आहे. मेणाचं घर घेतलेली मावशी आपल्या जागेवर हात जोडून बसून राहते. तिला अपमान वाटतो? दर बुधवारी परत येते ती कशी मग? तिला यजमानाची पंगत कुठली आणि आपला पाट कुठला हे नेमकं ठाऊक आहे. पंढरपूरला गेलेल्या परधर्मीयालाही ते ठाऊक असतं.

साध्या माणसाला सीमारेषा चालते. त्याला खपत नाही ती लबाडी.

म्हणून मला त्या ‘हंगामाच्या शुभेच्छा’ खटकतात. त्यात समोरच्याबद्दल आदर कमी आणि अविश्वास जास्त आहे. तुम्हाला माझा सण सोसणार नाही, असं मी आधीच ठरवून टाकलं. आपल्या गल्लीतल्या मुसलमानाला नाताळाचा केक चालतो, ख्रिस्त्याला दिवाळीचा फराळ चालतो, हिंदूला शीरखुर्मा आवडतो. गल्लीला जे गेली कित्येक वर्षं चालत आलं ते समितीला का चालत नाही?

समिती म्हटलं की संमेलन आलंच. सप्टेंबर २०१९ मध्ये ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. वसईचा माणूस. ‘सुवार्ता’ मासिकाचा बरीच वर्षं संपादक. वसईतली हिरवाई गिळायला निघालेल्यांविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीतर्फे रस्त्यावर उतरलेला. ‘सुबोध बायबल’ या अनुवादासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेला. आक्षेप काय? तो धर्मगुरू आहे. साहित्य महामंडळाला धमक्यांचे फोन गेले.

मराठी साहित्यातून धर्माची माणसं वगळायची म्हणता? ज्ञानेश्वर काय सचिवालयात कारकून होते? गोव्यात बसून १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध मराठीत छापणारा फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून आलेला जेझुइट होता. मराठीनं त्याला आत घेतलं तेव्हा कुणाच्या भावना आड आल्या नाहीत. चारशे वर्षांनी मराठीच मातृभाषा असलेला वसईकर आला आणि तो मात्र परका?

दिब्रिटो उस्मानाबादला गेले. १० जानेवारी २०२०, पाठीचं दुखणं असह्य झालेलं, तरी गेले आणि बोलले. आपण ख्रिस्ती धर्मगुरू आहोत हे त्यांनी लपवलं नाही, आणि मराठी लेखक आहोत हे सिद्ध करायची त्यांना गरज नव्हती. मांडव भरलेला होता. धमक्यांचे फोन करणाऱ्यांना वाचक किती ओळखतो, ते त्या गर्दीनं सांगितलं. २५ जुलै २०२४ ला दिब्रिटो गेले तेव्हा वसईनं त्यांचा धर्म विचारून अश्रू ढाळले नाहीत.

इथपर्यंत ख्रिस्ती वाचक खूश झाला असेल. आता त्यानं जरा सावरून बसावं.

सर्वांचं स्वागत, असं चर्चच्या फलकावर लिहिता. मग गोव्यात कॅथलिकांच्या लग्नाच्या बोलण्यांत अजून बामण आणि चारडी कसे शिल्लक? वसईत सामवेदी आणि वाडवळ ही नावं क्रूस गळ्यात आल्यावरही का पुसली गेली नाहीत? २०१६ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं दलितांबाबतचं धोरण जाहीर करताना चर्चच्या आत जातिभेद आहे असं लेखी कबूल केलं. कबुलीबद्दल आदर आहे. पण हैदराबादचे अँथनी पूला हे भारतातले पहिले दलित कार्डिनल झाले ते २०२२ साली. दोन हजार वर्षांचं चर्च, आणि या एका खुर्चीला इतका उशीर?

त्यात सरकारची भर. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचे हक्क आधी फक्त हिंदूंना दिले. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती दलित अजून बाहेर. ख्रिस्ती धर्मात जात नाही, असं कारण. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जाऊन हे वाक्य म्हणून दाखवावं. पाटलाच्या विहिरीला बाप्तिस्म्याचा दाखला कधी वाचता आला होता?

पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये लिस्बनला लाखो तरुणांपुढे सांगितलं की चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे, आणि ‘सगळ्यांना’ हे त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. टाळ्या कडाडल्या. त्याच वर्षी डिसेंबरात व्हॅटिकननं समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायला परवानगी दिली. लग्न नव्हे, विधी नव्हे, साधा आशीर्वाद. जानेवारीत आफ्रिकेतल्या बिशपांनी हे आमच्याकडे चालणार नाही असं कळवलं. दुसऱ्या टोकाला पश्चिमेतले लोक रागावले की एवढंच काय दिलंत. ‘सगळे’ म्हणेपर्यंत सगळे खूश होते. त्यातल्या एकाचं नाव घेतलं आणि बाकावरची मंडळी उठून उभी राहिली.

तर पुन्हा पुण्याला येऊ, कारण त्या १८९३ सालाचा एक धागा राहिला.

ज्या वर्षी सल्लागार राजीनामे देत होते, त्याच वर्षी गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. हीच ती शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. ती ख्रिस्ती झाली नव्हती. इतकी वर्षं त्या न लावलेल्या दाराजवळ राहून हिंदूच राहिली, बाया कर्वे झाली. बाटवण्याच्या कारखान्याची ओरड करणाऱ्यांनी या बाईंकडे एकदा तरी नीट पाहिलं होतं का? उलट कर्व्यांच्याच गावानं, मुरूडनं, त्यांच्यावर बहिष्कार टाकला. विधवा ख्रिस्ती झाली तरी पाप आणि हिंदू राहून संसाराला लागली तरी पापच.

कर्वे भांडत बसले नाहीत. शारदासदनात मुली पाठवायला घाबरणारी घरं होती, हे त्यांना दिसत होतं. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. बाया कर्व्यांनी त्यासाठी वर्गणी गोळा केली. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा, आश्रमाचं काम बघू लागली आणि निधीसाठी थेट अमेरिकेपर्यंत गेली. रमाबाईंनी जिथून पैसा आणला, तिथेच.

रमाबाईंच्या दारावर त्या वर्षी अग्रलेख लिहिणारे होते, सभा घेणारे होते, राजीनामे देणारे होते. कर्व्यांनी त्याच विधवांसाठी दुसरं दार उघडलं, आणि ते उघडायला हात होता रमाबाईंच्याच विद्यार्थिनीचा. आज मिशनच्या शाळेवर, दवाखान्यावर मोर्चा नेणाऱ्यांनी एवढंच कळवावं: दुसरी शाळा कुठे बांधताय, दवाखान्याची जागा ठरली का, पत्रे कधी चढणार?

वर्गणी आम्हीही देऊ.